गावच्या तलावावर पक्षी पाहताना आणि टिपताना

विदर्भात वन्यजीव म्हटलं की डोळ्यांसमोर ताडोबा येतं, जिप्सी येते आणि वाघ येतो. सफारीचं बुकिंग, गेटचे पैसे, गाइड, हातभर लांब लेन्स हे सगळं जमवता जमवता अनेकांची हौस जागीच विरते. इकडे तलावाच्या पाळीवरून रोज सायकलने शाळेत जाणाऱ्या पोराला मात्र कुणी सांगत नाही, की बाबा, तुझ्या डाव्या हाताच्या पाण्यात हिमालय ओलांडून आलेले पाहुणे हिवाळाभर मुक्कामाला आहेत. हा लेख त्या पोरासाठी आहे. त्याच्या मास्तरांसाठी आणि सुट्टीत गावी येणाऱ्या, कॅमेरा घेतलेल्या त्याच्या काकासाठीही आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं: एक तलाव धरा आणि तो सोडू नका. म्हशी पाण्यात उतरतात, बाया धुणं धुतात, ढिवर डोंगा घेऊन जाळं टाकतो, आणि बगळा दहा हातांवर निवांत उभा असतो. तोच बगळा पाळीवर नवखा माणूस उभा राहिला की उडतो. पक्ष्याला माणसाचं भय असतंच, पण त्याहून जास्त भय असतं ते रोजच्या क्रमात न बसणाऱ्या हालचालीचं. तुम्ही त्या क्रमात बसलात, की पाहणंही जमतं आणि फोटोही येतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

तलाव कोणता धरायचा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व भाग इथल्या लोकांना तलाव शोधत फिरावं लागत नाही. गोंडराजांच्या काळापासून कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, बांधलेले हजारो तलाव या पट्ट्यात आहेत. सरकारी कागदांत ते ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, आणि त्याचं पाणी आजही धानाला जातं. घोडाझरी, आसोलामेंढा, जुनोना, परसवाडा, झिलमिली ही नावं पक्षी पाहणाऱ्यांना ठाऊकच आहेत. पण सुरुवात तिथून करू नका. घरापासून पायी किंवा सायकलने पंधरा-वीस मिनिटांत गाठता येईल असा तलाव निवडा, साधी बोडी, म्हणजे छोटं तळं, असली तरी चालेल. जो तलाव लांब असतो तिथे जाणं होत नाही.

वऱ्हाडात तलाव कमी. तिथे लघुपाटबंधाऱ्याचा जलाशय, नाल्यावरचा बंधारा किंवा जुनं, कडेला गवत वाढलेलं शेततळं पाहा. प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या काठाच्या शेततळ्यावर फारसं काही येत नाही, कारण पक्ष्याला पाय टेकायला उथळ कडाच नसते.

चांगल्या तलावाची खूण हीच, की एका बाजूला तरी उथळ, चिखलाचा, हळूहळू खोल होत जाणारा काठ हवा. पाण्यात कुठेतरी कमळ, पोयणी, शिंगाडा किंवा देवधान असावं. पाळीवर जुनी आंब्या-मोहाची झाडं असली तर दुधात साखर. सगळा तलाव बेशरमाच्या झुडपांनी वेढलेला असेल तर पाहणं अवघड जातं, पण बेशरमाच्याही एखाद्या कोपऱ्यात वंचक आणि पाणकोंबड्या दडून असतात, म्हणून तो तलाव लगेच सोडून देऊ नका.

आधी माणसांशी बोला

पहिले काही दिवस कॅमेरा घरीच ठेवा. तलाव गावाचा असतो, त्यातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते, आणि काठावर कुणाची ना कुणाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, असते. लांब लेन्स लावून पाळीवर फिरणारा माणूस पाहिला की कुणालाही शंका येणारच: हा मोजणीचा माणूस, की मासे चोरणारा, की आणखी कोण? ‘काय पाहून राहिले भाऊ?’ असा प्रश्न आला की टाळू नका. दुर्बीण त्यांच्या हातात द्या आणि पाणकावळा दाखवा. पुढच्या वेळी तेच काका सांगतात, ‘तिकडल्या कोनात मोठे बदक उतरले आहेत.’ जाळं टाकणाऱ्या ढिवराला त्या पाण्याची जेवढी खबर असते तेवढी कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

एक गोष्ट कडकपणे पाळा. बाया जिथे धुणं-आंघोळीला येतात त्या घाटाच्या दिशेने कॅमेरा किंवा दुर्बीण कधीही वळवू नका, तिथे कितीही सुंदर खंड्या बसलेला असो. घाटावर कुणी असेल तर त्या बाजूला जायचंच नाही. एकाने ही चूक केली की गाव सगळ्या कॅमेरावाल्यांना तलाव बंद करतं, आणि गावाचं त्यात काहीच चुकत नाही.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सोन्याचा. थापट्या, तलवार बदक, मोठी लालसरी, चक्रवाक आणि नशीब असेल तर पट्टकादंब याच काळात दिसतात. धान कापून झालेलं असतं, बांध्यांमध्ये लाखोळी हिरवी होत असते, आणि धोबी व तुतारी हे छोटे पक्षी ओल्या बांध्यांतून फिरत असतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. शाळेतल्या मुलांना तलावावर न्यायचं असेल तर हा मुहूर्त चांगला.

मार्चनंतर पाहुणे जातात, पण पाणी आटून एका डबक्यात गोळा होतं आणि इथलेच पक्षी तिथे दाटी करतात. फोटोला ही उत्तम वेळ, फक्त सकाळी साडेआठ-नऊच्या आत. त्यानंतर तापलेल्या मातीवरची हवा थरथरायला लागते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी लांबचा फोटो विरघळल्यासारखा येतो. शिवाय विदर्भातला मे महिना दुपारी उन्हात बसायचा नसतोच.

पावसाळा लोक वाया घालवतात. ढिवर, गुराखी आणि धानकरी सोडले तर तेव्हा तलावावर कुणी नसतं. पण विणीचा काळ हाच. गाय बगळ्याचं डोकं केशरी होतं, वंचकाच्या पाठीवर लालसर तपकिरी पिसं येतात, कमळपक्षी लांब शेपटी मिरवतो, आणि काणूक हे इवलंसं पांढरं बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालतं. रोवणीच्या चिखलात मुग्धबलाक गोगलगायी वेचत असतो. चोच मिटली तरी मध्ये फट राहते, अशी चोच त्याच्याशिवाय कुणाची नाही.

काय काय हवं

दुर्बीण कॅमेऱ्याच्या आधी घ्या. तिच्यावर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे कितीपट जवळ दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, म्हणजेच उजेड किती आत येणार. नवख्याने ८×४२ घ्यावी. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट दिसतो. वीसपट, तीसपट असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या, जत्रेत मिळणाऱ्या दुर्बिणी घेऊ नका.

कॅमेऱ्याचं तुमच्या खिशावर. ३०० मिलिमीटरपर्यंतची साधी झूम लेन्स बऱ्याच जणांकडे असते. तलावावर ती थोडी तोकडी पडते, पण तिने फोटो येतात. १५०-६०० ची लेन्स जड आणि महाग असते, ती हौस टिकल्यावर घ्या. न काढता येणाऱ्या लांब झूमचे ब्रिज कॅमेरे सुरुवातीला सर्वांत सोयीचे, भर उजेडात ते छान काम करतात. फक्त मोबाइल असेल तर त्याची लेन्स दुर्बिणीच्या एका काचेवर नीट टेकवून फोटो घेता येतो. ओळख पटवायला तेवढा पुरतो. शिवाय पहाटेचं धुकं, पाळ आणि पाण्यावरचा थवा असा अख्ख्या तलावाचा फोटो मोबाइलवरच चांगला येतो. तसे फोटो काढायला कमी लेखू नका, वीस वर्षांनी गावाला तेच हवे असतील.

कपडे मातीच्या, वाळल्या गवताच्या रंगाचे. पांढरा सदरा नको. डोक्याला दुपट्टा बांधा, त्याने ऊनही थांबतं आणि चेहऱ्याची चमकही झाकली जाते. पायात बूट, कारण पाळीच्या बिळांमध्ये आणि गवतात साप असतातच. पाणदिवड बिनविषारी आहे, पण नाग आणि घोणसही उंदरांमागे धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, येतात. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवला तर ती टळते.

उभं कुठे राहायचं

नवख्याचे निम्मे फोटो इथेच बिघडतात. पक्षी दिसला की माणूस जवळच्या काठाला धावतो, आणि सूर्य समोर असतो. काळी आकृती आणि चमचमतं पाणी, एवढंच हाती लागतं.

सूर्य पाठीशी हवा. म्हणजे सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर पश्चिमेकडे तोंड करून, आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर. हिवाळ्यात यात एक सोय आहे. तेव्हा सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिण काठावर बसलात तर सकाळपासून दुपारपर्यंत उजेड पाठीमागून किंवा खांद्यावरून येत राहतो आणि जागा बदलावी लागत नाही. आपल्या तलावाची पाळ कोणत्या दिशेला आहे हे एकदा कागदावर काढून ठेवा. घाट, तुडुम (शेतीला पाणी सोडायची जागा), उथळ चिखल, वाळलेलं झाड, शिंगाड्याचा पट्टा असं सगळं त्या नकाशात भरा. कोणत्या वेळी कुठे बसायचं हे तो कागदच सांगतो.

दुसरा विचार वाऱ्याचा. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. वारा तुमच्या पाठीकडून पाण्याकडे वाहत असेल, तर उतरणारं बदक तुमच्याकडे चोच करून येतं. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी असलेली जागा मिळाली की तिथेच बसा, बाकीचा तलाव विसरा.

तिसरी गोष्ट उंचीची. पाळीवरून खाली पाहून काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि पाणी दिसतं. पाण्याच्या कडेला खाली बसून काढलेल्या फोटोत त्याचा डोळा तुमच्या डोळ्यासमोर येतो, आणि मागचं सगळं लांबवर जाऊन पुसट होतं. फोटो जिवंत वाटतो तो यामुळे. पण खाली बसण्याबद्दल आपल्या भागात एक इशारा द्यावा लागतो, तो पुढे येईल.

जवळ कसं जायचं

उजाडण्याच्या सुमारास पोहोचा, जागा धरा आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच करू नका. तुम्ही आल्यामुळे जे उडालं ते परत येतं. बसून राहणाऱ्याकडे पक्षी स्वतः येतो, आणि मला विचाराल तर पाठलाग करून काढलेल्या फोटोपेक्षा असा फोटो नेहमीच चांगला असतो, कारण त्यात पक्षी आपल्या कामात असतो.

जायचंच असेल तर सरळ त्याच्या रोखाने चालू नका. तिरकं चाला, दोन-चार पावलं टाका, थांबा, दुसरीकडे पाहा. टक लावून पाहणारा प्राणी म्हणजे शिकारी, हे प्रत्येक पक्ष्याला ठाऊक असतं. म्हशी काठाने चरत असतील तर त्यांच्या चालीने, त्यांच्या पलीकडून सरका. गुराख्याला सांगून, अर्थातच.

पक्षी उडण्याआधी सांगतो. चरणं थांबतं, पिसं साफ करणं थांबतं, मान ताठ वर होते, बदकं एकमेकांजवळ येऊन पाण्याच्या मध्याकडे सरकू लागतात. मान ताठ झाली की जिथे आहात तिथेच थांबा, किंवा एक पाऊल मागे घ्या. मान पुन्हा खाली गेली तर थोडं पुढे जायला हरकत नाही. आणि टिटवी ओरडायला लागली तर सगळा तलाव सावध झाला असं धरा. ती शांत होईपर्यंत हलण्यात अर्थ नाही.

हिवाळी बदकांना मुद्दाम उडवून थव्याचा फोटो काढणारे लोक पाहिले की जीव तुटतो. एवढ्या लांबून आलेला पक्षी इथे खाऊन अंगात चरबी साठवतो ती परतीच्या प्रवासासाठी. त्याला पुन्हा पुन्हा उडवणं म्हणजे ती शिदोरी लुटणं. थवा आपणहून उडतोच. आकाशात भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की दोन मिनिटं थांबा, कॅमेरा तयार ठेवा.

ओळख पटवताना

आधी आकार: चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच, पाय, आणि तो काय करतोय. रंग सर्वांत शेवटी, कारण उन्हाप्रमाणे तो फसवतो.

बगळ्यांवर हात बसवा, ते सगळीकडे असतात आणि सगळे ‘पांढरे’ असतात. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे, पण पंजे पिवळे. चिखलातून पाय उचलला की पिवळे मोजे घातल्यासारखे दिसतात. मध्यम बगळ्याची चोच विणीबाहेरच्या काळात पिवळी, पाय आणि पंजे दोन्ही काळे. मोठ्या बगळ्याची मान फार लांब आणि मध्येच मोडल्यासारखी, आणि तोंडाची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली. गाय बगळा बुटका, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा, आणि पाण्यापेक्षा गुरांजवळ किंवा ट्रॅक्टरमागे. हे चार सुटले की नजर आपोआप बारकाव्याकडे जाऊ लागते.

पाण्यावर तरंगणारं प्रत्येक पाखरू बदक नसतं. शेपूट नसल्यासारखी, गोलमटोल, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी ती टिबुकली. काळाकुट्ट अंगावर कपाळाला पांढरा टिळा असलेला चांदवा. शीळ घालत थव्याने उडणारी, तांबूस रंगाची अडई. चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका असलेलं ते हळदी-कुंकू. साप पोहतोय असं वाटलं आणि नंतर त्याला भाल्यासारखी चोच दिसली, तर तो तिरंदाज.

मर्लिनसारखी मोबाइल ॲप मदतीला आहेत, पण ॲपने सांगितलेलं नाव डोळ्यांनी तपासल्याशिवाय वहीत लिहू नका.

कॅमेरा कसा लावायचा

फोकस सतत बदलणाऱ्या मोडवर, एकच बिंदू निवडून, तो पक्ष्याच्या डोळ्यावर. डोळा स्पष्ट नसेल तर बाकी काहीही चांगलं असून उपयोग नाही. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो, उडत्या बगळ्याला १/१००० ते १/१६००, पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्याला १/२००० च्याही पुढे. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ५.६ ते ८ च्या दरम्यान, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर पण वरची मर्यादा ३२०० घालून. पहाटे उजेड कमी असतो तेव्हा फोटो थोडा खरखरीत आला तरी चालेल, हललेला चालणार नाही. खरखर नंतर कमी करता येते. कॅमेऱ्याचा बीप आणि फोकससाठी लागणारा छोटा दिवा बंद ठेवा. फ्लॅश वापरूच नका.

तलावावरची खरी अडचण पांढऱ्या आणि काळ्या पक्ष्यांची. कॅमेरा सगळं दृश्य सरासरी राखाडी करू पाहतो. गडद पाण्यासमोर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा जास्त उजेड घेतो आणि बगळा चुन्याच्या डागासारखा होतो, एकही पीस दिसत नाही. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सोय, उणे दोन-तृतीयांश ते उणे एक करा. चमकत्या पाण्यावर पंख वाळवणारा पाणकावळा असेल तर उलट, अधिक एकपर्यंत जा. पहिला फोटो काढून स्क्रीनवर पाहा, मग बदला. जाळ्याच्या खुंटावर बसलेला पाणकावळा बराच वेळ हलत नाही, सरावाला तो सर्वांत चांगला.

आता कवड्या खंड्याबद्दल जरा सविस्तर, कारण उडता पक्षी टिपायला शिकायचं तर त्याच्यासारखा गुरू नाही. काळा-पांढरा, मैनेहून थोडा मोठा. छातीवर दोन काळे पट्टे असले तर नर, एकच आणि मध्ये तुटलेला पट्टा असेल तर मादी. हा पाण्यावर येतो, हवेतच थबकतो, अंग उभं करतो, चोच सरळ खाली, आणि पंख इतक्या जोरात हलवतो की डोळ्यांना नुसता धूसर गोळा दिसतो. काही क्षण डोकं जागचं हलत नाही. हाच तुमचा क्षण. तो थबकला रे थबकला की फोकस डोक्यावर धरा आणि सलग फोटो घ्या. मग तो दगडासारखा खाली पडतो. त्या सुराच्या मागे लेन्स नेऊ नका, हाती काही लागत नाही. त्याऐवजी तो मासा घेऊन कुठे बसतो ते पाहा. तो ठरलेल्या फांदीवर किंवा खुंटावर जातो, मासा दोन्ही बाजूंनी आपटून ढिला करतो, डोक्याकडून गिळतो, आणि बहुतेक वेळा पुन्हा तिथेच येतो. दुसऱ्या दिवशी त्या खुंटापासून योग्य अंतरावर, सूर्य पाठीशी घेऊन, त्याच्या आधी जाऊन बसा.

दुसरा शिक्षक कमळपक्षी. पोयणीच्या पानावर पाय टाकतो तेव्हा त्याची बोटं पानभर पसरतात आणि पान जेमतेम दबतं. त्या लांब बोटांमुळेच तो पाण्यावर चालल्यासारखा दिसतो. यांच्यात मादी मोठी. ती एकाहून अधिक नरांसाठी अंडी घालते, आणि अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे नराचं काम. कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर धोका दिसला की पिल्लांना पंखाखाली उचलून नेतो, बाहेर फक्त त्यांचे लोंबते पाय दिसतात. असं काही दिसलं तर एक-दोन फोटो घ्या आणि मागे सरा. पिल्लं पंखाखाली गेली, याचा अर्थ तो तुम्हाला घाबरला आहे.

जंगलाला लागून असलेले तलाव

वर सांगितलं, की पाण्याशी खाली बसून काढलेला फोटो उत्तम. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल या भागांत हे करताना शंभर वेळा विचार करा. इथे वाघ-बिबटे राखीव जंगलाबाहेरही आहेत आणि ते पाणी प्यायला गावच्या तलावावर येतात. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. तेंदूपानं तोडताना, मोहफुलं वेचताना, गवत कापताना झालेले हल्ले या भागाने पाहिले आहेत.

म्हणून जंगलकाठच्या तलावावर ऊन पाळीवर येईपर्यंत जायचं नाही आणि सूर्य कलला की थांबायचं नाही. एकट्याने तर नाहीच. झुडपांकडे पाठ करून खाली बसायचं नाही. उघड्या पाळीवरून, उभ्याने फोटो काढा, सोबत्याला मागे लक्ष ठेवू द्या. आदल्या दिवशी गुराख्याला किंवा वनरक्षकाला विचारा. ताजे पाऊलठसे दिसले, वानरांचा खाकरा किंवा चितळाची धोक्याची हाक ऐकली, तर सामान आवरा आणि गावाकडे चला. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली पहाटे अस्वलही असतं. फोटोचा सगळा मोह इथे बाजूला ठेवायचा.

घरटी आणि सारस

घरट्याचे फोटो काढू नका. यात मधला मार्ग नाही. तुम्ही फांदी बाजूला केलीत की कावळ्याला वाट दिसते, आणि आई उठली की अंडी उन्हात तापतात. टिटवी तर उघड्या ढेकळांवरच अंडी घालते. ती पंख मोडल्यासारखी लंगडत पुढे चालली किंवा डोक्यावर झेप घेऊ लागली, तर पायाकडे पाहत आल्या वाटेने परत फिरा. उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या कोरड्या पात्रातून चालतानाही हेच ध्यानात ठेवा. पक्षी, अंडी किंवा घरटी यांना हात लावणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. पक्ष्याला बोलवायला त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवणं आणि ड्रोन उडवणं हेही तलावावर नको.

महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आहेत, थोडे आसपासच्या भागात. उभा राहिला की माणसाच्या उंचीचा, लाल डोक्याचा हा पक्षी जोडीने राहतो आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीतच गवत-काड्यांचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. ती बांधी शेतकऱ्याची असते, आणि सारस तिथे टिकला तो त्या शेतकऱ्याने टिकू दिला म्हणून. त्याच्या परवानगीशिवाय धुऱ्यावर पाय ठेवू नका, धान तुडवू नका. रस्त्यावरून, जोडीला मान वर करावी लागणार नाही इतक्या अंतरावरून पाहा. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा असेल तर गावाचं नाव लिहू नका, जिल्हा पुरे. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप जाते, तीही आधी बंद करा.

नायलॉनच्या जाळ्यात किंवा मांज्यात अडकलेला पक्षी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तोवर त्याच्यावर हलकं कापड टाका म्हणजे तो फडफडून पंख मोडून घेत नाही, पण पाणी पाजू नका. बगळ्याची चोच डोळ्याकडे झेपावते, तेव्हा चेहरा लांब ठेवा. फासे किंवा विष घातलेले दाणे दिसले तर हात न लावता फोटो घ्या आणि त्याच क्रमांकावर सांगा.

वही

घरी आलात की कार्डावरचे फोटो संगणकात किंवा दुसऱ्या डिस्कवर तारखेच्या फोल्डरमध्ये टाका. हललेले, डोळा नसलेले फोटो त्याच दिवशी काढून टाका. त्याआधी वही लिहा. तारीख, वेळ, पाणी कुठवर होतं, आभाळ कसं होतं, कोणते पक्षी, किती. थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरा आणि तेवढे तुकडे थव्यावरून पुढे मोजत जा. पन्नासच्या आत एकेक मोजता येतात, त्यापुढे हीच पद्धत. नक्की ओळख न पटलेल्या पक्ष्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजाने नाव लिहू नका.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तेव्हा ही वही कामाला येते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आपल्या तलावाचं नाव टाकून यादी भरता येते. बहुतेक मामा तलावांची तिथे एकही नोंद नाही, तुमची पहिली ठरू शकते. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि एक शाळेत. तलावात गाळ काढायचा, पाळ दुरुस्त करायची किंवा कमळ-शिंगाडा उपटायचा विषय ग्रामसभेत निघेल, तेव्हा कोणत्या महिन्यात कोणत्या कोपऱ्यात विण चालू असते हे तारखेनिशी सांगता येईल, आणि काम दोन महिने पुढे ढकला असं म्हणायला हाती कागद असेल.